बाळाला माझ्या मांडीवर देऊ नकोस

इंदिरानगर, नाशिक

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

नव्या गाडीचे फोटो पाहिले. रंग तुझ्या बाबांना फार आवडला. पुढच्या महिन्यात बाळाचं जावळ काढायला वणीच्या गडावर जायचं ठरलंय. त्याआधी एक गोष्ट मुद्दाम लिहून कळवते, म्हणजे घरात सगळ्यांना वाचून दाखवता येईल. इथे आलात की गाडीतून कुठेही जाताना मी हात पुढे करीन, "दे त्याला माझ्याकडे, मांडीवर छान झोपेल" म्हणेन. तेव्हा देऊ नकोस. तुझ्या सासूबाईंनी मागितलं, आत्याने मागितलं, तरी देऊ नकोस. मोठ्या माणसांना नाही कसं म्हणायचं, या एका संकोचापायी आपल्याकडे तान्ही मुलं मांडीवरून प्रवास करतात.

कॅज्युअल्टीत नोकरी करताना अपघाताचे पेशंट मी खूप पाहिले. आई शुद्धीवर आली की पहिलं वाक्य एकच असायचं, "मी त्याला घट्ट धरलं होतं." आणि ते खरंच असायचं. पण ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने गाडी आदळणं म्हणजे साधारण दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. त्या क्षणी अंगावर येणारा भार वजनाच्या वीस-पंचवीस पट होऊ शकतो. आपलं नऊ किलोचं बाळ दोनशे किलोच्या घरात जातं. कुणाच्या हातात एवढं बळ असतं रे? आणि मांडीवर घेणाऱ्याने स्वतः बेल्ट लावला नसेल तर तो बाळासकट पुढे फेकला जातो, बाळ त्याच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये चिरडतं. दोघांना मिळून एकच बेल्ट लावला तरी तेच होतं.

म्हणून बाळाची सीट आधी घ्या, मगच या. ती मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी बसवायची. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मानेची हाडं अजून कोवळी असतात. पाठमोरं बसवलं की धक्का पाठ, मान आणि डोकं मिळून झेलतात. मुलांच्या सीटांसाठी युरोपात असलेल्या आर१२९ नियमाप्रमाणे निदान १५ महिन्यांपर्यंत पाठमोरंच बसवायचं. त्या सीटची वजन-उंचीची मर्यादा भरेपर्यंत तसंच ठेवावं, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना तिथे पाठमोरी सीट कधीही लावू नकोस. एअरबॅग उघडली तर थेट त्या सीटच्या पाठीवर आदळते.

डिसेंबरात इकडे निफाडचा पारा किती खाली जातो ते तुला माहीत आहे. मी विणलेला जाड स्वेटर घालून बाळाला पट्ट्यात बांधलंस तर पट्टा वरवर घट्ट वाटेल, पण धक्क्यात लोकर दबेल आणि पट्टा सैल पडेल. स्वेटर काढायचा, पट्टा अंगासरशी आवळायचा, खांद्यापाशी तो चिमटीत पकडता येता कामा नये. मग वरून दुपटं घाला, हवी तर दोन घाला.

ईशा सहा वर्षांची आहे, तिला मोठ्यांचा बेल्ट नुसता लावून भागणार नाही. या वयात कमरेची हाडं पुरती तयार नसतात, त्यामुळे कमरेचा पट्टा वर सरकून पोटावर येतो. मग धक्क्यात आतडी आणि मणका दोन्हींना इजा होते. अशी मुलं बाहेरून धडधाकट दिसतात आणि दुखणं पोटात असतं, ते मी वॉर्डात पाहिलंय. तिला बूस्टर सीट लागेल, पाठ असलेली घ्या. साधारण दीडशे सेंटीमीटर उंची होईपर्यंत ती हवीच. खांद्याचा पट्टा मानेला टोचतो म्हणून मुलं तो काखेखाली घेतात नाहीतर पाठीमागे टाकतात, तिकडे लक्ष ठेव. तसं केलं की छाती धरायला काहीच उरत नाही.

मोठ्यांनाही नियम तोच. खालचा पट्टा मांडीलगत, कमरेच्या हाडांवर. वरचा खांद्याच्या मधून छातीवर. पीळ नको, ढील नको, आणि सीट मागे पाडून झोपणं नको. मेघाला सातवा महिना आहे, तिने खालचा पट्टा पोटाखालून आणि वरचा पोटाच्या बाजूने न्यायचा. पोटातल्या बाळाला दाब बसेल म्हणून ती बेल्टच लावत नाही, तिला तू समजाव, माझं ऐकत नाही.

मागे बसणाऱ्यांना बेल्ट लागत नाही, ही समजूत मला सगळ्यात जास्त छळते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी आदळली. मागे बसलेले दोघे, त्यात मिस्त्री, गेले, पुढचे दोघे गंभीर जखमी होऊन वाचले. मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. शिवाय मागचा माणूस सुटा असला की त्याचा सगळा भार पुढच्याच्या पाठीवर येतो, म्हणजे तुझ्याही. कायदाही मागच्यांना लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बाळाची सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे.

नव्या गाडीला कव्हरं घातली असतील तर आधी मागची बक्कलं शोध. बहुतेक गाड्यांत ती कव्हराखाली गाडलेली असतात. आणि बेल्ट न लावता गाडीचा बीपचा आवाज बंद करायला बक्कलात अडकवायची नुसती क्लिप मिळते, ती कुणी भेट दिली तरी फेकून दे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानांना त्या क्लिपा काढायला लावल्या होत्या, तरी लोकांच्या गाड्यांत आहेतच. इथे जवळ सोमेश्वरपर्यंतच तर जायचंय, बेल्ट कशाला, असंही म्हणू नकोस.

गडावर जाताना एकाच गाडीत कोंबायचं नाही. दोन मुलांच्या सीटा लागल्या की मागे एकाच माणसाची जागा उरते, तीही अडचणीची. तिथे सूनबाई बसेल, बाळाकडे बघायला. मी आणि बाबा एसटीने येतो, नांदुरीला भेटू. बाबांना हे आधीच सांगितलंय, थोडे कुरकुरले पण तयार झाले.

पुण्याहून येताना बाळ रडेल. चंदनापुरी घाटात रडेल, मोहदरी घाटात रडेल. चालत्या गाडीत पट्टा सोडून त्याला घेऊ नका. घाट उतरून बरी जागा बघून थांबा, काढा, पाजा, पुन्हा बांधा. दर दोन तासांनी तसंही काढावंच. पोचायला उशीर झाला तर होऊ दे, जेवण मी झाकून ठेवीन.

सीट आली की निघायच्या दिवसाची वाट न बघता आदल्या आठवड्यातच बसवून बघ आणि हलवून बघ, बुडाशी इंचभरापेक्षा जास्त हलता कामा नये. जमलं नाही तर फोन कर, बाबा व्हिडिओवर बघून सांगतील.

तुझी,
आई