मास्क रात्रभर लीक होतोय, पट्टे आवळून झाले, आता साइज बदलून द्या

प्रति,
कस्टमर केअर, आणि कस्टमर केअरच्या वर जे कोणी बसत असतील ते

नमस्कार,

ही माझी चौथी तक्रार. आधीच्या तीन फोनवर केल्या, तिन्ही वेळा तक्रार नंबर मिळाला आणि दोन दिवसांनी "तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे" असा मेसेज आला. काय निकाली काढलं ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय, निदान वाचावं तरी लागेल कोणाला तरी.

मला स्लीप ॲप्निया आहे. टेस्टमध्ये एएचआय ३४ आला होता, म्हणजे झोपेत तासाला सरासरी ३४ वेळा श्वास अडतो किंवा अर्धवट होतो, ३० च्या वर गेला की त्याला सिव्हिअर म्हणतात हे तुम्हाला माहीत असेलच. दोन वर्षं सीपॅप मशीन वापरतेय, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा सोडून झोपेत श्वासाचा मार्ग उघडा ठेवणारं, ऑटो मोडवर, म्हणजे गरजेप्रमाणे ते स्वतःच प्रेशर कमी-जास्त करतं, ६ ते १४. आधीचा मास्क दुसऱ्या कंपनीचा होता, त्याने छान चाललं होतं, पण तो मिळायचा बंद झाला आणि तुमचा फुल फेस मास्क घेतला, नाक-तोंड दोन्ही झाकणारा. तेव्हापासून सात आठवडे मी धड झोपलेले नाही.

होतं काय, तर झोपताना सगळं ठीक असतं. मशीनमधलं मास्क फिट चेक करते, हिरवा स्मायली येतो, मी पण खूश. मग रात्री दीड-दोनला डाव्या डोळ्यात गार हवेचा झोत बसतो आणि जाग येते. नाकाच्या वरच्या हाडाजवळून हवा सुटते, फुर्र फुर्र आवाज येतो, नवरा उठून दुसऱ्या खोलीत जातो (आधी तो माझ्या घोरण्यामुळे जायचा, म्हणजे फिरून तिथेच आलो). सकाळी डोळे लाल, चुरचुरतात, तोंडाला कोरड. ॲपमध्ये बघितलं तर लीक ४० च्या पुढे, एका रात्री ५२ लिटर. तुमच्याच पुस्तिकेत लिहिलंय की मिनिटाला २४ लिटरच्या आत असावं.

आता तुमच्या लोकांनी काय काय सांगितलं ते ऐका. पहिल्या फोनला, "मॅडम पट्टे घट्ट करा". केले. गालावर वळ उठले, नाकावर लाल व्रण पडला आणि लीक वाढलं. मग मी पुस्तिका नीट वाचली, तर त्यात चक्क लिहिलंय की जास्त आवळू नका! आणि ते बरोबरच आहे, सिलिकॉनच्या कुशनला आत एक पातळ कड असते, ती हवेने फुगून चेहऱ्याला टेकते म्हणून सील होतं, पट्टे आवळले की ती कड चिरडते, दुमडते आणि दुमडलेल्या जागेतून हवा निघते. मी शिवणकाम करते, कापड जास्त ताणलं की चुणी पडते, एवढं तर मला कळतं. तुमच्या माणसाला तुमचीच पुस्तिका कोणी वाचायला दिली नाही का?

दुसऱ्या फोनला एका मुलाने विचारलं, "तुम्हाला दाढी आहे का?" मी म्हटलं, बाळा, मी बाई आहे, आवाजावरून कळत नाही का? तर म्हणाला स्क्रीनवरचा प्रश्न आहे, विचारावाच लागतो. त्याच्यावर राग नाही माझा. पण पुढे तो म्हणाला की ही व्हेंटची हवा असेल, नॉर्मल आहे. अहो, उच्छ्वास बाहेर जायला मास्कला बारीक भोकं असतात आणि तिथून कायम हवा जाते हे मला दोन वर्षांत कळलंय. पण ती भोकं पुढे आहेत, डोळ्यात नाहीत.

तिसऱ्या फोनला कोणी सिनियर होते. त्यांनी आधी सांगितलं की तुमचा एएचआय ४.८ दिसतोय, ५ च्या आत आहे, म्हणजे थेरपी व्यवस्थित चाललीय. मला सांगा, एवढी हवा बाहेर जात असताना मशीनला माझा श्वास नीट मोजता येतो का? ते हवेच्या फ्लोवरूनच ठरवतं ना श्वास थांबला की नाही? मोठं लीक असलं की त्या आकड्यावर फार विसंबू नका असं मला डॉक्टरांनीच सांगितलंय. आणि दुपारी शिलाई मशीनवर शिवता शिवता माझी मान खाली पडते ते कुठल्या आकड्यात धरायचं? त्यावर ते म्हणाले, सेटिंगमध्ये मास्क टाइप फुल फेसच्या जागी नेझल, म्हणजे फक्त नाकाचा, करून बघा, कदाचित आकडा खाली येईल. म्हणजे गळकी बादली तशीच ठेवायची आणि मोजायचं माप बदलायचं! मी ते केलं नाही.

बाकी सगळं केलं. कुशन रोज सकाळी कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुते, चेहऱ्याचं तेल राहिलं तर सील बसत नाही म्हणून. रात्रीची क्रीम बंद केली. तोंड धुऊन, पुसून, मग मास्क. ट्यूब ओढली जाऊ नये म्हणून पलंगाच्या डोक्याकडून वरून आणली. मशीन चालू असताना आडवं पडून मास्क चेहऱ्यापासून जरा वर उचलून परत टेकवते, की कुशन नीट फुगावं. त्याने तास-दोन तास बरं जातं, पण प्रेशर १२-१३ वर गेलं की पुन्हा तेच. फिट चेक केला तेव्हा मी जागी, बसलेली, चेहरा ताठ. झोपेत जबडा सैल पडतो, कुशीवर वळलं की उशी फ्रेमला ढकलते. तो हिरवा स्मायली झोपलेल्या माणसासाठी नाहीच.

आता खरं कारण. गेल्या रविवारी मला सापडलं. तुमच्या वेबसाइटवर साइज मोजायचा कागद आहे, प्रिंट काढायचा आणि नाकाच्या वरच्या खाचेपासून खालच्या ओठाखालपर्यंत धरायचा. मी तसंच केलं, मीडियम आला, मीडियम मागवला. रविवारी सहज म्हणून शिवणाची टेप त्या कागदाला लावली तर कागदावरचे १० सेंटीमीटर टेपवर साडेनऊच्याही आत! प्रिंटरने पान बसवायला चित्र लहान केलं होतं. पट्टी लहान झाली म्हणून माझा चेहरा मोठा भरला. टेपने मोजलं तर मी सरळसरळ स्मॉलमध्ये येते. एवढं मोठं कुशन माझ्या नाकावर बसणार कसं, ते डोळ्यापर्यंतच जाणार. आणि १०० टक्के साइजवर प्रिंट काढा, ही एक ओळ त्या कागदावर कुठेही नाही, दोनदा शोधली. माझ्यासारखे किती जण चुकीच्या साइजवर पट्टे आवळत बसले असतील देव जाणे.

लगेच कुशन बदलून मागितलं तर चॅटवर उत्तर आलं की पॅक उघडल्यावर हायजीनच्या कारणाने बदलून मिळत नाही. अहो पण पॅक न उघडता मास्क फिट होतो की नाही हे कळणार कसं? तो लावून, आडवं पडून, रात्रभर प्रेशरवर झोपल्याशिवाय कळतच नाही. वापरलेलं कुशन दुसऱ्याला देऊ नका, ते मलाही पटतं, माझ्याकडचं हवं तर कापून फोटो पाठवते. पण चूक तुमच्या कागदाची आणि भुर्दंड माझा, हे काय?

तर मला स्मॉल कुशन पाठवा. फ्रेम आणि हेडगिअर तेच चालेल, मीडियम आणि स्मॉलला फ्रेम एकच आहे असं तुमच्या बॉक्सवरच लिहिलंय, म्हणजे अख्खा मास्क पण मागत नाहीये मी. त्या कागदावर प्रिंटच्या साइजची सूचना टाका, आजच टाका, त्याला काही खर्च नाही. आणि यापुढे जो फोन करेल त्याने स्वतः एकदा तरी तुमचा मास्क लावून रात्र काढलेली असावी, मला स्क्रीनवरचे प्रश्न पुन्हा नकोत.

सोबत सात आठवड्यांचे लीकचे ग्राफ, टेप लावलेल्या कागदाचा फोटो आणि नाकावरच्या व्रणाचा फोटो जोडलाय.

फोन करणार असाल तर सकाळी दहाच्या आत करू नका. हल्ली पहाटे वैतागून मास्क काढून ठेवला की मगच माझा डोळा लागतो, आणि तशी झोप मला चालत नाही हे माहीत असूनही लागतो.

तुमची एक ग्राहक