पाय धुवायला बसा, बाबा

पुणे, 15 मार्च 2026

प्रिय आई-बाबा,
जय ख्रिस्त.

फोनवर बोलायला धीर होईना, म्हणून लिहिते आहे. बाबा, आधी सगळं ऐका, मग रागवा. आई, वाचून दाखवताना मधलं काही गाळू नकोस.

परवा मी फादरांना फोन केला. शुभ शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला, चौदा स्थानकांवर थांबत प्रार्थना करत चालायचं असतं त्या मिरवणुकीत, यंदा बाबा क्रूस घेऊन पुढे चालणार नाहीत, असं सांगून टाकलं.

परस्पर केलं, हे चुकलंच. पण विचारलं असतं तर तुम्ही ‘बघू’ म्हणाला असता, आणि तुमचं ‘बघू’ मला ठाऊक आहे. मागच्या वर्षी नवव्या स्थानकाशी तुम्ही खाली बसलात, हे मला घरातून नाही, शेजारच्या काकूंकडून दोन दिवसांनी कळलं. डोक्यावर सोलापूरचं एप्रिलचं ऊन, पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नाही, आणि मधुमेहाची गोळी मात्र वेळेवर घेतलेली. उपाशीपोटी ती गोळी काय करते ते मी वॉर्डात बघते, बाबा. घाम फुटतो, हात थरथरतात, पुढचं तुम्हाला सांगत नाही.

आणि तुम्हाला उपवासाचं बंधन नाहीच. चर्चचा नियम 18 पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंतचा. तुम्हाला 74 चालू आहे. मटण सोडा, भाकरी सोडायची नाही. कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद, घेण्याआधीचा तासाभराचा उपाससुद्धा म्हाताऱ्या-आजारी माणसांना माफ आहे. त्या दिवशी कडक भाकरी नको, दुधात कुस्करलेली मऊ भाकरी खाऊन, मगच गोळी.

आता खरं सांगायचं ते. शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून फादर लोकांचे पाय धुतात ना, त्याबद्दल ते म्हणाले, ‘मग गुरुवारी त्यांना पाय धुवून घ्यायला बसवू. आईंनाही.’ आई, दचकू नकोस. 2016 मध्ये पोप फ्रान्सिसनी नियम बदलला, तेव्हापासून बायकांचेही पाय धुता येतात. मागच्या ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ते गेले, तेव्हा तू फोनवर किती रडलीस, ‘कालच तर बाल्कनीत दिसले’ म्हणत. त्यांनीच तुझ्यासाठी ही जागा करून ठेवली आहे.

बाबा, तुम्ही नको म्हणणार. इतकी वर्षं घंगाळ घेऊन फादरांच्या मागे गुडघ्यांवर सरकत जाणारे तुम्ही. पाणी कोणाला गार लागू नये म्हणून सॅक्रिस्टीत, वेदीशेजारच्या तयारीच्या खोलीत, आधी स्वतःचं मनगट बुडवून बघणारे तुम्ही. तुम्हाला खुर्चीवर बसा म्हटलं की येशूच्या त्या शिष्यासारखं, पेत्रासारखंच होणार, ‘माझे पाय कधीच धुवायचे नाहीत.’ येशूने त्याला काय उत्तर दिलं ते माझ्या पहिल्या कम्युनियनच्या आधी तुम्हीच पाठ करून घेतलं होतं.

मला आपली न्हाणी आठवते. काळ्या मातीने भरलेले पाय घेऊन मी शाळेतून यायचे. पाण्याचा दिवस अजून लांब असायचा, म्हणून एका तांब्यात दोन्ही पाय. बोटांच्या बेचक्यांतून तुमचा अंगठा फिरायचा, त्याला मागावर काम करून पडलेला घट्टा. गुदगुल्या व्हायच्या, पण मी पाय मागे घेत नसे, कारण घेतला की संपलं. गिरणी बंद झाली त्या उन्हाळ्यातही तुम्ही तसेच बसायचात. तेव्हा आपल्या घरात काय चाललं होतं ते मला कित्येक वर्षांनी समजलं.

मी इथे रोज परक्या माणसांचे पाय पुसते, बाबा. तुमचे कधी धुतले? गुरुवारी माझी नाइट आहे, बदलून मागितली, मिळाली नाही. म्हणून त्या दिवशी कुणीतरी तुमच्यापुढे वाकावं, असं मला फार वाटतं.

तुमची काही गैरसोय होणार नाही. पाठीची खुर्ची, बाजूच्या दाराशी, पंख्याखाली, हे मी सांगितलं आहे. जाता-येता रिक्षा करा. शुक्रवारी ज्यांना चालवत नाही ते चर्चच्या आतच चौदा स्थानकं करतील, आणि तिथे वाचायला फादरांना तुम्हीच हवे आहात. पाचव्या स्थानकाला, शिमोन येशूचा क्रूस उचलायला हात लावतो तिथे, तुमचा आवाज जरा थांबतो ना, तसंच वाचा. क्रूस तो पोरगा उचलेल, तुम्ही ज्याला घंटा वाजवायला शिकवलीत. त्याला तुमच्याच हाताने द्या.

शनिवारी दुपारपर्यंत मी येतेच. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या मिस्सेला बाप्तिस्म्याची वचनं नव्याने म्हणायची असतात, तेव्हा मी तुमच्या दोघांच्या मध्ये उभी राहणार, लहानपणीसारखी. तोवर कळशा उचलायच्या नाहीत, कुणीही.

आई, बुधवारी बाबांच्या टाचा वजरीने घासू नकोस. साखर असलेल्या पायाला ओरखडा चालत नाही. कोमट पाण्याने धू, बेचक्या कोरड्या कर, टाचांना खोबरेल लाव, बेचक्यांत नको. आणि तू गुरुवारी नवी चप्पल घालू नकोस, चावते. जुनीच घाल, ती खुर्चीखालीच राहते.

तुमची
बेबी