खताचा हिशेब छापला, पानाचं काय?

मा. संपादक, स. न. वि. वि.

कालच्या कृषी पानावरचा संत्र्याच्या खतांचा लेख वाचला. झाडामागे युरिया किती, डीएपी (नत्र आणि मुख्यतः स्फुरद देणारं खत) किती, पोटॅश किती, सगळं आहे. वर 'पाला पिवळा दिसल्यास मात्रा वाढवावी' असंही आहे. आधी झाडाचं पान प्रयोगशाळेत तपासून घ्या, एवढी एक ओळ मात्र कुठे नाही. याच सल्ल्याने माझी बाग दोन हंगाम मागे गेली, म्हणून राहवलं नाही.

माझी साडेतीनशे झाडं, जंबेरी लिंबाच्या खुंटावर कलम केलेली. जमीन काळी, खाली चुनखडी. तीन वर्षांपूर्वी आंबिया बहाराची नवती, म्हणजे नवी पालवी, बारकी निघाली. पानं अरुंद, शेंड्याला गुच्छासारखी. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. मी डहाळी घेऊन कृषी केंद्रात गेलो. दुकानदाराने ती हातातही घेतली नाही. "भाऊ, झाडाला भूक लागली, डीएपी वाढवा." वाढवलं, झाडामागे दोन किलो टाकलं. पुढची नवती आणखी बारकी.

मग पानं प्रयोगशाळेत तपासायला दिली. तिथला पोरगा आला आणि फळं लागलेल्या फांदीची कोवळी पानं ओरबाडून घेऊन गेला. तो अहवाल फुकट गेला. पान सहा ते आठ महिन्यांचं लागतं, बिनफळाच्या फांदीचं, शेंड्याकडून दुसरं ते चौथं. आंबियाच्या बागेत म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर. दुसऱ्यांदा मी स्वतः तोडून दिली, तेव्हा खरं कळलं: स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, जस्त (झिंक) पार तळाला. चुनखडीत जस्त मुळांना आधीच कमी मिळतं, आणि स्फुरद जास्त झालं की ते आणखी अडतं; त्यावर मी दोन वर्षं डीएपीतून स्फुरदच ओतत होतो. पदरचे पैसे घालून झाडं उपाशी ठेवली. डीएपी थांबवलं, झिंक सल्फेट अर्धा टक्का आणि चुना पाव टक्का असं नवतीवर फवारलं, तेव्हा कुठे पान रुंद झालं.

नुसत्या नत्राचंही, म्हणजे युरियाचंही, तेच. झाड जोमात फुटतं, पाला दिसायला गच्च होतो, पण जस्त-लोह होतं तेवढंच. ते जास्त पानांत वाटलं जातं. पोटॅश जास्त झालं की मॅग्नेशियम अडतं आणि जुनी पानं पिवळी पडतात, देठाजवळ तेवढा हिरवा त्रिकोण राहतो. हे पिवळं आणि जस्ताचं पिवळं वेगळं. दोघांना एकच औषध 'मात्रा वाढवा' कसं असेल? नाशिक-सांगलीकडचे द्राक्षवाले पानाच्या देठाचं परीक्षण करून खत ठरवतात. आम्हा वरूड-मोर्शीच्या संत्रावाल्यांना अजून पोत्यांचाच हिशेब का शिकवता?

आणि पोत्यांचं निघालंच आहे तर तेही छापा. डीएपी मागितलं की सोबत नको असलेली बाटली घ्यावीच लागते, नाहीतर दुकानदार 'माल नाही' म्हणतात. या लिंकिंगवर तुमच्या पानावर मी एकही बातमी वाचलेली नाही.

पुढच्या अंकात पानांचा नमुना कसा घ्यावा याची चौकट चित्रासह छापावी, ही विनंती. ऑगस्ट लागायच्या आत छापलीत तर यंदाच उपयोगी पडेल.

आपला,
एक संत्रा बागायतदार, ता. वरूड, जि. अमरावती