मला शिक्षक म्हणून मोजू नका

मा. शिक्षणमंत्रीमहोदय, कर्नाटक राज्य,
सविनय नमस्कार.

बेळगावात, वडगावकडच्या मागवाल्यांच्या वस्तीत एक सरकारी मराठी शाळा आहे. पहिली ते पाचवी, पटावर 61 मुलं आणि सर एकटे. बँकेतून निवृत्त झाल्यावर तीन वर्षांपूर्वी मी तिथे आठवड्यातून तीन दिवस शिकवायला जाऊ लागले. मानधन मागितलं नाही, आजही मागत नाही.

जूनमध्ये तुमच्या खात्याचे एक साहेब शाळेत आले आणि पालकांसमोर म्हणाले, "दसऱ्याच्या आत दुसरा शिक्षक देतो." दसरा गेला, दिवाळी गेली. परवा सर पुन्हा विचारायला गेले, तर त्यांना उत्तर मिळालं, "तुमच्याकडे त्या बाई येतात की. मग घाई कशाला?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी मुलांसाठी गेले आणि माझ्याच जाण्यानं त्यांचा शिक्षक अडला. घसा इतका बसतो की डॉक्टरांनी बोलणं कमी करा म्हणून बजावलंय. गुडघे दुखतात. पावसाळ्यात गळक्या वर्गात पाटी पुसावी तशी मी फरशी पुसलीय. खडू, वह्या, पेन्सिली माझ्या पेन्शनमधून येतात. या सगळ्याचा हिशेब तुमच्या खात्यानं "शिक्षक नको" असा लावला?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात साठच्या वर मुलं असतील तर तीन शिक्षक हवेत असं लिहिलंय. आमची एकसष्ट आहेत. पहिली ते तिसरी नलीकलीत, म्हणजे तिन्ही इयत्ता मिळून शिकवायच्या कर्नाटकातल्या पद्धतीत, एकत्र बसवायची, चौथी-पाचवी व्हरांड्यात, आणि सरांनी माध्यान्ह आहाराचा हिशेब, खात्याची माहिती भरणं, बैठका हे सगळं करून उरलेल्या वेळात शिकवायचं. ते कसं जमतं, एक दिवस येऊन बघा.

पाचवीतला एक मुलगा वर्गात पेंगतो. रात्री घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरतो. हातच्याची वजाबाकी त्याला काही केल्या येत नव्हती. मग मी त्यालाच रिकाम्या कांड्या आणायला सांगितल्या. दहा-दहाची जुडी दोऱ्यानं बांधली. बावन्नातून सतरा काढायचे, पण सुट्या दोनच. तो थांबला, एक जुडी सोडली, सात काढून बाजूला ठेवल्या, मग आणखी एक जुडी उचलली आणि म्हणाला, "बाई, पस्तीस!" एवढ्यासाठी त्याच्याजवळ पाऊण तास बसावं लागलं. तेवढा वेळ चौथीची मुलं नुसती बसून होती. एकट्या सरांनी हा पाऊण तास कुठून आणायचा?

कन्नडशी माझं भांडण नाही. मी कन्नड बोलते, वाचते, मुलांनाही शिकवते. पण प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी असं घटनेचं कलम 350 अ सांगतं. ते फक्त कागदावर ठेवण्यासाठी आहे का? 2014 साली बेळगावचं बेळगावी झालं, तेव्हा आमच्या शाळेचा फलक लगेच बदलला. छप्पर अजून तेच आहे. 2012 पासून इथं सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इमारत, उभं आहे, तिथं अधिवेशनं भरतात, आणि त्याच गावातल्या शाळेला शिक्षक मिळत नाही.

आणि मी आमच्याही लोकांना सोडणार नाही. बेळगाव महाराष्ट्राबाहेर ठेवल्याच्या निषेधात 1956 पासून आम्ही 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळतो. सीमाभागासाठी महाराष्ट्रानं 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. सगळं मान्य. पण मराठीसाठी भाषण करणाऱ्या किती जणांची नातवंडं मराठी शाळेत आहेत? मी ओळखते त्यांच्यात मला एकही सापडलं नाही. दोन्ही राज्यांनी सीमेवर हक्क सांगितला, पण सीमेवरच्या या पोरांना वाली कोण?

माझं मागणं एवढंच आहे. या महिन्यात शाळेला मराठी शिकवू शकणारे कायम शिक्षक द्या. तोवर निदान एक अतिथी शिक्षक पाठवा. आणि खात्याच्या कुठल्या कागदावर माझं नाव शिक्षकांच्या जागी धरलं असेल, तर ते खोडा. मी सोमवारी शाळेत जाणार आहे. चौथीचा भागाकार राहिलाय.

आपली,
वडगावची एक निवृत्त बँक कर्मचारी