बुटीबोरीच्या अलीकडे

नागपूर
बुधवार, रात्र

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

खालच्या आळीतले काका उद्या सकाळच्या एसटीने चंद्रपूरला येऊन राहिले. त्यांच्याजवळ डबा देतो आहे. वरच्या कप्प्यात चिवडा आहे, मधल्यात संत्र्याची बर्फी. रविवारी तू न घेताच निघून गेली तो मुगाच्या वड्यांचा डबा आईने पुन्हा भरून दिला आहे. सगळ्यात खाली हे पत्र आणि एक पिशवी. पिशवीचं शेवटी सांगतो.

फोनवरच बोललो असतो, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू नुसती "हो, हो" करत राहते. तीन दिवस झाले, तुझं "पोचले" आणि "जेवले" याच्यापुढे काही नाही. आई म्हणाली, लिहा. ठरवलं आहे की शुक्रवारच्या रात्रीचा विषय काढायचा नाही.

ऑफिसात एसी फार असतो म्हणतेस, तर शाल जवळ ठेव. गाडीचं ऑइल बदललं का? तीन हजार किलोमीटर झाले असतील. चंद्रपूरच्या त्या धुळीत एअर फिल्टर पण लवकर भरतो, साफ करून घे. आणि जाम गावाच्या पुढे अंधार पडल्यावर...

बघ, आलंच. मग आता लिहूनच टाकतो.

सोनू, त्या रात्री मी फाटकात सव्वा दहापासून उभा होतो. तू साडेसातला वरोरा सोडलं म्हणून सांगितलं होतं. अडीच तास धर, फार तर पावणेतीन. तू आली सव्वाबाराला, पँट गुडघ्यापर्यंत ग्रीसने भरलेली, अंगात जॅकेट नाही. मी आधी तुझे हातपाय पाहिले, धड आहेत का ते. ते दिसल्यावर मग ओरडलो. तुला नुसतं ओरडणं ऐकू आलं असेल.

"तुला कोणी सांगितलं होतं थांबायला?" असं मी म्हणालो. तू काय उत्तर दिलं ते मला पाठ झालं आहे. "बाबा, कोंढाळीच्या त्या दूधवाल्याला कोणी सांगितलं होतं?"

आई आत निघून गेली. मी पण गप्प बसायला हवं होतं, तर मी आणखी बोललो. जे बोललो त्यातलं "मुलीच्या जातीने" हे माझं नाही बेटा. ते माझ्या तोंडून कसं निघालं माहीत नाही. तुला बारावीच्या सुटीत गाडी मीच शिकवली, बुलेट घ्यायची म्हटली तेव्हा साऱ्या घराच्या विरोधात मीच उभा राहिलो. ते शब्द मी परत घेतो.

पण बाकीचं परत घेत नाही. म्हणजे काळजीचं.

तू त्या अडलेल्या लोकांसाठी थांबली याची मला भीती वाटली नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. पण माझ्या पोटात खड्डा पडला तो तू नंतर जे सांगितलं त्याने. स्प्लेंडरची चेन तुटली, बाई आणि लेकरू सोबत, तर बाईला आणि पोराला तू मागे बसवलं आणि त्या माणसाच्या गाडीला पाय लावून बुटीबोरीपर्यंत ढकलत नेलं. नऊ किलोमीटर! 44 नंबरच्या रस्त्यावर, रात्री, बाजूने हैदराबादचे ट्रक जाताना. सोनू, मी बत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली, ब्रेक या विषयाचं मला थोडं कळतं. उजवा पाय दुसऱ्याच्या गाडीला लावला की तुझा मागचा ब्रेक गेला. डावा लावला तर गिअर गेला. उरतो पुढचा ब्रेक, आणि मागे दोन माणसं बसलेली असताना एका बाजूला तोल देऊन नुसता पुढचा दाबला तर चाक कसं निसटतं, ते मी आलेल्या गाड्यांवरून पाहिलं आहे. त्यात दोन गाड्या अशा जोडीने चालल्या की मागच्या ड्रायव्हरला एकच टेललाइट दिसतो. तो समजतो एकच गाडी आहे, तेवढीच जागा सोडतो.

तुला थांबायचं असेल तर थांब. पण आधी गाडी पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, पार मातीत उतरव. माणसांना गाडीच्या मागे उभं राहू देऊ नको. तिथेच माणसं गाडीखाली सापडतात. बॅटरीचा झोत जमिनीवर टाक, येणाऱ्याच्या डोळ्यांवर नको. आणि त्या गाडीचं काय अडलं होतं? ती मातीत उतरवून कुलूप लावून ठेवायची, बाईला आणि पोराला बुटीबोरीला सोडायचं, माणसाने तिथेच थांबायचं. 1033 ला फोन केला तर हायवेची गस्तगाडी येते, नाहीतर 112 आहेच. आणि त्याच्याही आधी मला फोन...

तू केला होता. तेच तर आहे.

तुझा मोबाइल बंद पडला होता म्हणून तू त्या माणसाच्या फोनवरून लावला, दहा वाजून एकवीस मिनिटांनी. मी फाटकात उभा, फोन हातात. अनोळखी नंबर पाहिला आणि कापला. हल्ली लोनवाल्यांचे फोन येतात म्हणून कापतो. तुझी वाट पाहता पाहता मी तुझाच फोन कापला. हे तू त्या रात्री सांगितलं तेव्हा मला खोटं वाटलं. तू झोपल्यावर मोबाइल उघडून पाहिला.

आईला मी हे अजून सांगितलेलं नाही. तू पण सांगू नको.

आता दूधवाल्याचं. तुला तोंडपाठ आहे, आजीने शंभर वेळा सांगितलं आहे. पण आजी सांगायची ती देवाची गोष्ट असल्यासारखी. मी तिथे होतो, म्हणून माझ्याकडून ऐक.

1998 ची संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. तू आठ महिन्यांची. कारंजाहून, मामाकडून परत येत होतो, चेतकवर. कोंढाळीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. स्टेपनी लावली. दोन किलोमीटर गेलो नाही तर ती पण बसली. मी एसटीचा मेकॅनिक, पान्हे सगळे डिकीत, आणि हवा कुठून आणणार? सहा वाजून गेले होते, थंडी अशी की आईने तुला पदरात घेऊन वरून माझा स्वेटर गुंडाळलेला. ट्रक थांबत नव्हते. दोन मोटरसायकली हळू झाल्या आणि पुढे गेल्या. त्यांना दोष देत नाही, आम्हीही त्यांना काय माहीत कोण.

मग राजदूतवर तो आला, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन. माझ्यापेक्षा लहानच असेल, डोक्याला मफलर. "भाऊ, गाडी बसली का?" एवढंच विचारलं. म्हणाला, दोन्ही चाकं द्या, कोंढाळीहून पंक्चर काढून आणतो. मी विचारात पडलो. स्कूटरची दोन्ही चाकं अनोळखी माणसाच्या हाती द्यायची, आणि आपण अंधारात बायकोपोरीला घेऊन विटांवर उभ्या गाडीपाशी बसायचं. त्याला ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. काही बोलला नाही. गाडी स्टँडवर घेतली, दोन्ही भरलेल्या कॅन सोडवून आईजवळ आणून ठेवल्या, झाकणावर माप ठेवलं. "वहिनी, दूध सांभाळा. लेकराला लागलं तर घ्या." आणि चाकं कॅरिअरला बांधून गेला.

त्याच्या दिवसभराच्या धंद्याचं दूध होतं ते, साठ लिटर तरी. आमच्यापाशी ठेवून गेला, म्हणजे आम्हाला धीर राहील.

सव्वा तासाने आला. तोवर तू त्याचं दूध पिऊन झोपली होतीस. पैसे घेतले ते फक्त पंक्चरवाल्याला दिलेले. घाईत कॅन बांधल्या आणि निघून गेला. माप आमच्याजवळच राहिलं. पुढच्या महिन्यात मी ते द्यायला गेलो, कोंढाळीत तीन दूधडेऱ्यांवर विचारलं, नंतरही दोनदा गेलो. नाव विचारलं नव्हतं, गावही नाही. अजून आई त्याच मापाने डाळ घेते, तुला माहीत आहे.

मग असा बाप "तुला कोणी सांगितलं होतं" कसं म्हणतो, असं तुला वाटणारच. त्याच्यामागचं तुला कोणी नीट सांगितलेलं नाही.

2004 मध्ये उमरेड रोडला एक सायकलवाला पडलेला होता. कुठल्यातरी गाडीने उडवून पळ काढलेला. डबा फुटून भाजीभाकर रस्त्यावर सांडलेली, ती अजून दिसते मला. मी त्याला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. आधी डिपॉझिट भरा म्हणाले. होते तेवढे भरले. मग ठाण्यात माझंच नाव लिहिलं गेलं, माझी स्कूटर अठरा दिवस तिथे उभी राहिली. नातेवाइकांनी पहिल्या रात्री माझी कॉलर धरली. मग जबाब, मग तारखा. माणूस वाचला, त्यानेच शुद्धीवर आल्यावर सांगितलं की हे नव्हते, म्हणून मी सुटलो. तू दुसरीत होतीस. तुला सांगितलं होतं, स्कूटर दुरुस्तीला दिली आहे.

त्यानंतर बारा वर्षं मी रस्त्यात कोणासाठी थांबलो नाही. हे लिहायला जड जातं. एकदा मे महिन्यात, भर दुपारी, वर्धा रोडला एक बाई बंद स्कूटी ढकलत होती. मागे पाच-सहा वर्षांचा पोरगा, डोक्यावर तिचं हेल्मेट घालून, दोन्ही हातांनी ते सावरत चाललेला. मी हळू झालो. आणि पुढे गेलो. त्या मोटरसायकलींसारखाच.

आता कायदा तसा राहिला नाही, हे तू त्या रात्री ओरडून सांगत होतीस, आणि मी ऐकत नव्हतो. नंतर सगळं वाचून काढलं. 30 मार्च 2016 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, मग 2019 च्या दुरुस्तीत आलेलं 134-अ कलम. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, दवाखान्याने त्याच्याकडे पैसे मागायचे नाहीत, साक्षीदार व्हायचं की नाही ही त्याची मर्जी. जखमीला वेळेत पोचवणाऱ्याला सरकार आता 25 हजार देतं, आधी 5 हजार होते. हे सगळं 2004 मध्ये असतं तर... जाऊ दे.

पण कायदा असून लोक थांबतात कुठे? 2025 च्या राखीच्या वेळी देवलापारजवळ काय झालं, आपण सगळ्यांनी पाहिलं. बायको अपघातात गेली, माणूस येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत राहिला, कोणी थांबलं नाही, शेवटी त्याने तिला मोटरसायकलला बांधलं आणि निघाला. हाच 44 नंबरचा रस्ता, फक्त शहराच्या त्या बाजूचा. तो व्हिडिओ पाहून मी जेवलो नव्हतो. तू त्या रात्री म्हणालीस, "तेव्हा तुम्ही रडले होते बाबा, आता काय झालं?" आता तू होतीस तिथे, हे झालं. दुसऱ्याची लेक थांबली असती तर मी तिच्या बापाला फोन करून सांगितलं असतं की तुमच्या पोरीने नाव काढलं. माझ्याच लेकीच्या वेळी मला फक्त ट्रक दिसले.

आता एक सांगायचं राहिलं. काल सकाळी त्याच नंबरवरून फोन आला. या वेळी उचलला. तो स्प्लेंडरवाला. "काका, ताई पोचल्या ना नीट?" हेच पहिलं विचारलं. चार दिवस त्याच्या मनात तेच होतं, म्हणाला. तुझा नंबर त्याच्याकडे नव्हता, माझा तेवढा कॉल लिस्टमध्ये राहिलेला. आणि म्हणाला, ताईंचं जॅकेट पोराच्या अंगावर राहिलं, पोर झोपलं होतं म्हणून काढलं नाही, धुऊन ठेवलं आहे, कुठे आणून देऊ?

मी त्याला घराचा पत्ता सांगितला, मानेवाड्याच्या चौकापासून कसं यायचं तेही. त्याने पुन्हा एकदा वाचून दाखवायला लावला. रविवारी दुपारी बायकोपोराला घेऊन येतो म्हणाला. आई पाटोडी-रस्सा करणार आहे. तिने आतापासून बेसन चाळून ठेवलं आहे.

तू शुक्रवारी येच. रागात असली तरी ये. दिवसाउजेडी निघता येत असेल तर अर्धा दिवस सुटी टाक. नसेल जमत तर नसेल, मी काही बोलणार नाही. अनोळखी नंबर आता मी उचलतो, दिवसात दहा लोनवाले आले तरी.

पिशवीत चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट आहे, वर्कशॉपमधल्या जुन्या मित्राकडून आणलं, थोडं मोठं होईल. बॅटरी आहे, सेल घालून पाहिली आहे. क्लच वायर आणि प्लग तुझ्या गाडीचे. कागदाच्या पुडीत एक चेन लॉक आहे, म्हणजे चेनची दोन टोकं जोडायची कडी, स्प्लेंडरचं. तुझ्या गाडीला ते बसणार नाही, तरी डिकीत राहू दे. ते कसं लावायचं ते रविवारी त्याच्या गाडीवर दाखवतो. क्लिपचं बंद तोंड चेन फिरते त्या दिशेला ठेवायचं असतं.

शुक्रवारी जामला चहाला थांबलीस की तिथून फोन कर.

तुझे
बाबा