दिवाळीआधी किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या वेळांचा फलक लावा : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री,
कर्नाटक राज्य, विधानसौध, बेंगळूर

साहेब, सादर नमस्कार.

आम्ही बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली डोंगर हिंडणारी माणसं. राजहंसगड, पारगड आमच्या पायाखालचे. पण परतीचा पाऊस ओसरू लागला, कोजागिरी-दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमची पोरं पाठीवर सॅक टाकून अणशी घाटाने नाहीतर यल्लापूरमार्गे समुद्राकडे उतरतात. कुमट्याहून चालायला सुरुवात, अघनाशिनी गावातून होडीने तदडीला, पुढे बेलेकान, पॅराडाइज, हाफ मून, ओम, कुडले आणि मग गोकर्ण. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खवळलेला अरबी समुद्र. ही वाट आमच्या जिवाभावाची आहे आणि ती बंद होऊ नये म्हणूनच हे पत्र लिहितोय.

मलप्रभा आणि मार्कंडेयच्या काठी वाढलेल्या माणसाला नदीचा पूर कळतो. समुद्राचं उधाण कळत नाही. कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमेला म्हणजे पंधराव्या तिथीला ती येते सव्वाअकराच्या सुमारास, दिवसा आणि रात्रीही. म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाचच्या आसपास. आमची पोरं नेमकी त्याच वेळी थकून किनाऱ्यावर पोचतात, समोर रुंद, सपाट, कोरडी वाळू दिसते आणि तंबू तिथेच ठोकतात. मध्यरात्री पाणी दीड-दोन मीटर वर चढलेलं असतं. मुक्कामाला सगळ्यांना आवडतात त्या दोन्ही रात्री, कोजागिरीची पौर्णिमा आणि दिवाळीची अमावास्या, उधाणाच्याच आहेत.

एका कोजागिरीला शेजारच्या गटाचा तंबू असाच पाण्यात गेलेला मी पाहिला. आधी खुंट्या वाळूतून सुटल्या, मग पुढची लाट तंबूखाली शिरली आणि परतताना अख्खा तंबू आतल्या माणसांसकट उतारावरून खाली ओढत नेला. वरच्या झोपडीतला एक मच्छीमार कंदील टाकून धावला आणि त्याने दोराला धरून तो अडवला. पोरं वाचली. दुसऱ्या दिवशी तो एवढंच म्हणाला, ‘काल पाणी कुठवर येणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, विचारलं कुणी नाही.’

साहेब, हे ‘ठाऊक असणं’ चालणाऱ्यापर्यंत पोचवायचं काम सरकारचं आहे. २०१९ ची दिवाळी आठवा. २७ ऑक्टोबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, अरबी समुद्रात ‘क्यार’ सुपर सायक्लोन झालं होतं. ते भारताच्या किनाऱ्यावर धडकलं नाही, पश्चिमेकडे निघून गेलं, तरी त्याच्या लाटा आपल्या किनाऱ्यावर आदळल्या. वादळ शेकडो किलोमीटर दूर असतं, डोक्यावर निरभ्र आभाळ असू शकतं, आणि लाट मात्र येते. घाटमाथ्यावरून निघालेल्याला ते कसं कळावं? हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राचे अंदाज देणारं सरकारी केंद्र, उंच लाटांचे इशारे देतं, हवामान खातं देतं, बंदरावर धोक्याचा बावटा चढतो. मच्छीमार ते सगळं बघून होडी काढायची की नाही ठरवतो. पाठीवर सॅक घेतलेल्या पोराच्या वाटेवर मात्र यातलं काहीच नसतं.

१० डिसेंबर २०२४ ला मुरुडेश्वरला कोलार जिल्ह्यातल्या चार शाळकरी मुली बुडाल्या. काळीज फाटावं अशी घटना. त्यानंतर किनारा पर्यटकांसाठी बंद झाला. तातडीचा उपाय म्हणून ते समजू शकतो, पण बंदी हेच धोरण झालं तर लोक रात्री, आडवाटेने, कुणाला न सांगता जातील. ते जास्त भयंकर. डोंगरातल्या ट्रेकसाठी राज्याने ऑनलाइन नोंदणी सुरू केलीच आहे. किनाऱ्याच्या वाटेलाही ती लावा. कोण कधी निघाला आणि पोचला का, एवढं जरी कळलं तरी शोध वेळेत सुरू होईल.

आणि मुख्य मागणी फलकाची. अघनाशिनीचा धक्का, बेलेकान, ओम, कुडले इथे साधा काळा फळा हवा. त्यावर रोज सकाळी खडूने आजच्या दोन्ही भरतींच्या वेळा, लाटांचा इशारा आणि पाण्यात उतरायचं की नाही. आकडे आणि चित्रं असली तर कन्नड, कोकणी, मराठी, कुणाचंच अडणार नाही. उधाणाच्या रेषेच्या वर तंबूची जागा दगडांनी आखून द्या. सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामावर बंधन घालणारे, नियम आहेत, पक्कं बांधकाम आम्हालाही नकोच. अघनाशिनीची खाडी रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२४ मध्ये जाहीर झाली आहे, तिला धक्का लागता कामा नये. जीवरक्षक बाहेरून आणण्यापेक्षा तिथल्याच मच्छीमार तरुणांना प्रशिक्षण आणि महिन्याचा पगार द्या. आज तेच जीव धोक्यात घालून माणसं बाहेर काढतात, फुकट.

डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण बेळगावला सुवर्णसौधात याल, तेव्हा भेटून हे सगळं नकाशासह मांडायची आमची तयारी आहे. पण दिवाळी त्याआधी येते. निदान अघनाशिनीच्या धक्क्यावरचा फळा तरी त्याआधी लागावा. तो रोज कुणी लिहायचा हे गावातल्या मच्छीमारांनाच विचारा, ते पहिल्याच दिवशी माणूस नेमून देतील.

आपला,
बेळगावचा एक गिर्यारोहक