राल्फला एवढं सोवळ्यात बसवू नका

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’वरचा लेख वाचला. (निर्जन बेटावर मोठ्या माणसांशिवाय अडकलेल्या पोरांची ही कादंबरी; राल्फ त्यांचा म्होरक्या, जॅक शिकारी टोळीचा.) लेख चांगलाच आहे, पण राल्फ म्हणजे सभ्यपणा आणि जॅक म्हणजे रानटीपणा अशी जी सरळ वाटणी करून टाकलीये ती काही पटली नाही म्हणून हे पत्र. गाइडमध्ये असंच लिहिलेलं असतं, मान्य, पण मग ती कादंबरी १९५४ पासून लोक का वाचतायत हेच कळत नाही. (आपल्याकडे जी. ए. कुलकर्णींनी ती मराठीत आणली. त्यांच्या कथा वाचणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.)

राल्फ बारा वर्षांचा पोरगा. शंख फुंकतो, मतदान होतं, म्होरक्या होतो. पण त्याच्या आधीच काय झालंय बघा. पिगीने त्याला विश्वासाने सांगितलेलं असतं की काहीही म्हण पण शाळेतल्या त्या नावाने नको, आणि हा पठ्ठ्या सगळ्यांसमोर तेच, ‘पिगी’ म्हणजे डुकरू हे नाव सांगून मोकळा होतो आणि सगळी पोरं खिदळतात. म्हणजे रक्त नाही, भाला नाही, फक्त घोळक्यात हशा मिळवायची मजा. मला तर वाटतं पुढचं सगळं इथेच सुरू होतं.

नंतर डुकराचा प्रसंग. तोपर्यंत शिकारीला नाकं मुरडणारा राल्फ रानडुकराच्या नाकाडावर भाला मारतो आणि मग ‘मी मारला, मी मारला’ करत सगळ्यांना सांगत सुटतो, कुणी लक्ष देत नाही तरी. लगेच पोरं रॉबर्टला मधे घेऊन डुक्कर-डुक्कर खेळायला लागतात, तो खरोखर कळवळतोय तरी थांबत नाहीत, आणि राल्फ बाजूला उभा राहून आवरा म्हणत नाही, उलट हात पोचावा म्हणून धक्काबुक्की करत आत घुसतो. संपल्यावर म्हणतो, नुसता खेळ होता. हे जॅक म्हणाला असता तर आपण सोडलं असतं का?

नाचाच्या भरात पोरांनी आपल्यातल्याच सायमनला ठार मारलं त्या रात्रीही राल्फ तिथेच होता. फरक आहे तो दुसऱ्या दिवशी. पिगी म्हणतो अंधार होता, अपघात होता, आपण कडेला होतो. राल्फ म्हणतो तो खून होता. माझ्या मते त्याच्यातला सभ्यपणा म्हणायचा तर एवढाच, हात स्वच्छ असण्यात नाही तर केलेल्या गोष्टीला तिच्या नावाने हाक मारण्यात. तेही फार टिकत नाही, लगेच सगळे आम्ही लवकर निघालो होतो वगैरे सुरू करतात आणि तोही त्यात आलाच.

जॅकच्या टोळीकडे जायचं ठरतं तेव्हा, ते तोंडाला रंग लावून असतील म्हटल्यावर, आपणही लावावा असं काही पोरांच्या मनात येतं. राल्फ ठाम नाही म्हणतो, आपण रानटी नाही म्हणून. लेखात हे त्याच्या संस्काराचं उदाहरण म्हणून दिलंय. मला उलटं वाटतं. रंगाआड लपलं की किती मोकळं वाटतं हे त्याला पक्कं माहितीये, म्हणून तो भितोय. आणि याच दिवसांत त्याच्या डोक्यावर अधूनमधून पडदा पडतो, जहाजाला दिसावा म्हणून जो धूर करायचा तो कशासाठी हेच आठवत नाही, पिगीला सुटकेची आठवण करून द्यावी लागते. नेता म्हणून ज्या एका गोष्टीचा हट्ट धरला तीच विसरायला लागणं, याच्यावर लेखात एक ओळ नाही! शेवटी एकटा उरल्यावर तो जनावरासारखा गुरगुरत झाडीतून भाला खुपसतो, तेही नाही.

आणि मग तो नौदलाचा अधिकारी, पांढऱ्या गणवेशात, कमरेला पिस्तूल, विचारतो तुमच्यात म्होरक्या कोण. जॅक पुढे येता येता थांबतो. राल्फ मोठ्याने सांगतो, मी.

आपला,
एक नियमित वाचक